छोट्या गिगसाठी ट्यूब अ‍ॅम्प: किती वॉट पुरे?

ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. थेट उत्तर आधी. बँडमध्ये ड्रमर आहे, जागा पन्नास ते शंभर माणसांची आहे आणि अ‍ॅम्पला माइक मिळेल की नाही याची खात्री नाही, तर १५ ते २२ वॉटचा, १२ इंची स्पीकरचा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात) घ्या. ड्रमर नसेल, किंवा काहोनवर (बसून वाजवायच्या लाकडी पेटीवर) आणि ब्रशवर भागत असेल, तर ५ ते १० वॉट पुरतात. ड्रमर दणकून वाजवणारा आहे आणि तुम्हाला गिटार शेवटपर्यंत क्लीनच (न फाटता, स्वच्छ) हवी आहे, तर ३५ ते ४० वॉट लागतील. शंभर वॉटचा हेड (स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) आणि चार स्पीकरचा कॅबिनेट कॅफेत न्यायला दिसण्यापलीकडे कारण नाही.

हे आकडे नुसते पाठ करून दुकानात गेलात तर गोंधळ होणार. एकाच १५ वॉटच्या पाटीखाली तीन अ‍ॅम्प तीन वेगळ्या तऱ्हेने वाजतात. म्हणून वॉटमागचा हिशोब आधी समजून घेऊ.

वॉट दुप्पट, आवाज जेमतेम जास्त

पॉवर दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. ३ डेसिबल म्हणजे लक्षात येण्याइतका, पण कुणी दचकणार नाही इतका फरक. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. ५० वॉटचा अ‍ॅम्प ५ वॉटच्या अ‍ॅम्पपेक्षा दुप्पट मोठा वाटतो, दहापट नाही. आणि १०० वॉटचा अ‍ॅम्प ५० वॉटच्या जेमतेम पुढे असतो.

याच हिशोबात स्पीकर येतो, आणि त्याच्याकडे फार कमी लोक बघतात. स्पीकरला १ वॉट दिला आणि १ मीटरवर मोजलं तर किती डेसिबल येतात, ही त्याची सेन्सिटिव्हिटी. स्पीकर बनवणाऱ्या सेलेशनच्या २५ वॉटच्या ग्रीनबॅकची ९८ डेसिबल आहे, व्हिंटेज ३० ची १००. लहान आकाराचे आणि जुन्या धाटणीचे बरेच स्पीकर ९५ च्या आसपास किंवा त्याखाली असतात. ९८ च्या स्पीकरवर ५ वॉट दिले तर मीटरभरावर सुमारे १०५ डेसिबल मिळतात, १५ वॉटला ११०, २२ वॉटला १११, ४० वॉटला ११४ आणि ८५ वॉटला ११७. म्हणजे स्पीकर तोच ठेवला तर सगळ्यात छोट्या आणि ८५ वॉटच्या फेंडर ट्विन रिव्हर्बसारख्या राक्षसामधलं अंतर फक्त १२ डेसिबल.

उलट बाजूने पाहा. ९५ चा स्पीकर काढून १०० चा बसवला की ५ डेसिबल वाढतात. तेवढेच वॉटमधून काढायचे तर पॉवर तिपटीहून जास्त करावी लागेल. छोटा अ‍ॅम्प थोडक्यासाठी कमी पडत असेल, तर तो विकण्याआधी स्पीकर बदला.

खरा प्रश्न: आवाज फाटायला कुठे लागतो?

ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प हद्दीपर्यंत स्वच्छ राहतो आणि हद्द ओलांडली की एकदम खरखरतो. ट्यूबचं तसं नाही. ती हळूहळू दबत जाते, कडा गोल होतात, मग क्रंच (हलकी खरखर) येतो आणि शेवटी पूर्ण ओव्हरड्राइव्ह, म्हणजे जोरदार फाटलेला आवाज. गिटारवाले ट्यूबसाठी पैसे मोजतात ते याच मधल्या पट्ट्यासाठी. त्यामुळे अ‍ॅम्प किती जोरात वाजतो एवढंच विचारून भागत नाही. तुमच्या जागेत जेवढा आवाज चालतो, त्या आवाजाला हा अ‍ॅम्प त्या पट्ट्यात असतो का, हे विचारायचं.

फेंडरच्या २२ वॉटच्या डिलक्स रिव्हर्बवर सिंगल कॉइलची (कमी जोराच्या पिकअपची) गिटार व्हॉल्यूम ३–४ पर्यंत साधारण स्वच्छ राहते, हम्बकरला (जास्त जोराच्या पिकअपला) त्याआधीच धार यायला लागते. त्याच जागी ट्विन रिव्हर्ब ठेवला तर ब्रेकअप (आवाज फाटायला लागणं) येईपर्यंत पहिल्या रांगेतले लोक उठून मागे गेलेले असतात. ड्राइव्ह (मुद्दाम फाटवलेला आवाज) पेडलमधूनच आणायचा असेल आणि अ‍ॅम्प फक्त स्वच्छ पाया म्हणून हवा असेल, तर जास्त वॉटचा अ‍ॅम्प चुकीचा नाही, मात्र पाठीला त्याची किंमत मोजावी लागते. ड्राइव्ह अ‍ॅम्पमधूनच हवा असेल तर लहान घ्या. या एका निर्णयावर निम्मी निवड होऊन जाते.

व्हॉल्यूमच्या नॉबवर विश्वास ठेवू नका. मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचा वेगळा नॉब) नसलेल्या बहुतेक अ‍ॅम्पमध्ये हम्बकर लावला की ४–५ वर पॉवर ट्यूब जवळपास पूर्ण क्षमतेला पोहोचलेल्या असतात. त्यापुढे आवाज वाढत नाही, फक्त विकृती वाढते. "अजून अर्धा नॉब शिल्लक आहे" म्हणून अ‍ॅम्प पुरेल असं समजणारा पहिल्याच गाण्याला फसतो. फेंडरच्या हॉट रॉड डिलक्सच्या जुन्या आवृत्त्यांत तर नॉब १ वरून २ वर नेताना आवाज उडी मारतो. म्हणूनच हा ४० वॉटचा अ‍ॅम्प घरी वाजवायला अवघड अशी त्याची ख्याती आहे.

कुठला अ‍ॅम्प कुठे बसतो

फेंडर चॅम्प हा ५ वॉटचा नमुना: एकच ६व्ही६ पॉवर ट्यूब, ८ इंची स्पीकर. रेकॉर्डिंगला उत्तम. ड्रमसोबत वाजवायचा तर माइक हवाच, आणि ८ इंची स्पीकरमध्ये खालचा सूर पातळ पडतो. तोच अ‍ॅम्प १२ इंची कॅबिनेटला जोडला तर वेगळाच वाटतो.

फेंडरचाच प्रिन्स्टन रिव्हर्ब १२ ते १५ वॉटचा, दोन ६व्ही६ आणि १० इंची स्पीकर. कॅफे, जॅझ त्रिकूट, गायकासोबत दोघे-तिघे अशा कामांना याच्याइतका सोयीचा अ‍ॅम्प क्वचितच मिळेल. मिडल नॉब नाही, त्यामुळे गर्दीच्या मिक्समध्ये मध्यम सूर वर काढायचा तर पेडल लागतं.

फेंडरचा ब्लूज ज्युनिअर १५ वॉटचा, दोन ईएल८४ पॉवर ट्यूब आणि १२ इंची स्पीकर. वजन सुमारे १४ किलो, त्यामुळे रिक्षात मांडीवर बसतो. इफेक्ट्स लूप (अ‍ॅम्पच्या ड्राइव्हनंतर पेडल जोडायची सोय) नाही. डिले (प्रतिध्वनीचा पेडल) अ‍ॅम्पच्या ड्राइव्हनंतर लावायची सवय असेल तर इथे अडचण होईल.

व्हॉक्सचा एसी१५ मूळचा १९५८ चा. दोन ईएल८४, १५ वॉट, आणि आजच्या कस्टम मालिकेत १२ इंची स्पीकर. कागदावर तो ब्लूज ज्युनिअरचा भाऊ दिसतो, पण मिक्समध्ये जास्त पुढे येतो. वजन मात्र २२ किलोच्या घरात. त्याचा मोठा भाऊ एसी३० चार ईएल८४ चा. ३० वॉट हा आकडा वाचून कुणी त्याला हलक्यात घेऊ नये. दोन १२ इंची स्पीकर आणि ३० किलोंच्या वर वजन असलेला हा अ‍ॅम्प छोट्या जागेत बहुतेकदा जास्तच होतो.

डिलक्स रिव्हर्ब २२ वॉट, दोन ६व्ही६, १२ इंची स्पीकर, १९ किलोच्या आसपास. पेडल वापरणाऱ्यांचा लाडका. मास्टर व्हॉल्यूम नाही, म्हणजे ब्रेकअप हवा असेल तर आवाज सोसावाच लागतो.

रॉक वाजवणाऱ्यांना मार्शल डीएसएल२० बघायला हरकत नाही. दोन ईएल३४, २० वॉट, १० वॉटचा स्विच आणि इफेक्ट्स लूपही आहे. ऑरेंजच्या रॉकर १५ मध्ये १५, ७, १ आणि अर्धा वॉट अशा चार पायऱ्या आहेत; घर आणि स्टेज एकाच डब्यात भागवायचं असेल त्याच्यासाठी हे सोयीचं. मात्र १५ वरून ७ ला गेल्यावर फरक फक्त ३ डेसिबलचाच पडतो हे विसरू नका. १ वॉटला गेल्यावर खरा फरक कळतो.

तालमीत मोजून घ्या

फोनवर आवाज मोजणारं एखादं ॲप घ्या. फोनचा आकडा प्रयोगशाळेचा नसतो, पण एकाच फोनने एकाच जागी घेतलेल्या दोन आकड्यांची तुलना उपयोगी पडते. ॲपच्या सेटिंगमध्ये ए वेटिंग आणि स्लो निवडा.

१. ड्रमर, बास आणि गायक यांना गिगमधल्या जोरात एक अख्खं गाणं वाजवायला सांगा, गिटारशिवाय. तुम्ही जिथे उभे राहता तिथे कानाच्या उंचीवर फोन धरा आणि सरासरी लिहून ठेवा.

२. आता बाकीच्यांना थांबवा. अ‍ॅम्प त्याच्या जागी ठेवून एकट्याने वाजवा. टोनचे सगळे नॉब मधोमध, रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) बंद, मास्टर असेल तर पूर्ण उघडा. व्हॉल्यूम वाढवत जा. जोरात कॉर्ड मारल्यावर आवाज फाटायला लागतो ती जागा आणि तेव्हाचा आकडा टिपा.

३. दोन आकडे शेजारी ठेवा. ब्रेकअपचा आकडा बँडच्या आकड्याच्या ३–४ डेसिबल इकडेतिकडे असेल तर अ‍ॅम्प तुमच्या मापाचा. तो बराच खाली असेल तर क्लीन वाजवताना दम निघेल. बराच वर असेल तर क्रंचसाठी सगळ्यांचे कान फोडावे लागतील.

४. आपली गिटार आणि आपले पेडल घेऊनच हे करा. दुकानातल्या सिंगल कॉइलच्या स्ट्रॅटवर मोजलं आणि गिगला हम्बकरची लेस पॉल नेली तर आकडा पार बदलतो.

दुकानात ड्रमर मिळत नाही. तिथे निदान दुसरी पायरी करा आणि तो आकडा तालमीतल्या आकड्याशी ताडून बघा. दुकानातल्या छोट्या खोलीत आवाज भिंतींवरून परत येतो, त्यामुळे तिथला आकडा मोकळ्या हॉलपेक्षा फुगलेला असतो हे धरून चाला.

मोठा पडला तर

अ‍ॅम्प आधीच घेतला आहे आणि तो मोठा पडतोय, तर विकायची घाई नको.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पहिली प्रीअ‍ॅम्प ट्यूब (सुरुवातीला आवाज वाढवणारी छोटी ट्यूब) बदलणे. १२एएक्स७ चा गेन (सिग्नल वाढवण्याची पट) १०० धरला जातो, ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा ४० ते ४५. तिन्ही त्याच सॉकेटमध्ये बसतात. कमी गेनची ट्यूब लावली की अ‍ॅम्पचा कमाल आवाज तेवढाच राहतो, पण व्हॉल्यूमचा नॉब सुसह्य होतो आणि १ ते ३ मधली उडी पसरते. यात ब्रेकअप लवकर येत नाही, उशिरा येतो. ज्याला क्लीन हवंय त्याने हे करावं.

ब्रेकअप हवाय पण आवाज नको, तर अ‍ॅटेन्युएटर. हा अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो आणि जास्तीची पॉवर उष्णता म्हणून बाहेर टाकतो. इथे तीन गोष्टी चुकवू नका. अ‍ॅम्प ८ ओमचा तर अ‍ॅटेन्युएटर ८ ओमचाच. त्याची क्षमता अ‍ॅम्पच्या वॉटच्या दुप्पट तरी असावी, कारण पूर्ण ओव्हरड्राइव्हमध्ये २२ वॉटचा अ‍ॅम्प २२ च्या बराच वर जातो. आणि दोन्ही बाजूंना स्पीकरचीच वायर लावा, गिटारची नाही. गिटारच्या केबलमधली तार बारीक असते, ती गरम होऊन तुटली की अ‍ॅम्प लोडशिवाय चालू राहतो. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरशिवाय वाजवला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज चढतं आणि इन्सुलेशन फुटतं. दुरुस्तीचा सगळ्यात महागडा खर्च तोच. अ‍ॅटेन्युएटरने ६ ते ९ डेसिबल खाली आणलं तर टोन टिकतो, त्याहून जास्त दाबलं की वरचे सूर मेल्यासारखे वाटतात.

कमी पडत असेल तर स्पीकर बदलण्याचा पर्याय वर आलाच. त्याआधी एक गोष्ट फुकटात करून बघा: अ‍ॅम्प उचलून खुर्चीवर ठेवा. १२ इंची स्पीकरचे वरचे सूर झोतासारखे सरळ जातात. अ‍ॅम्प जमिनीवर असला की तो झोत तुमच्या पोटऱ्यांवर पडतो आणि पुढे बसलेल्यांच्या चेहऱ्यावर. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही वाढवता, आणि साउंडवाला कपाळाला हात लावतो. कानाकडे तोंड करून मागे कलवून ठेवलेला १५ वॉटचा अ‍ॅम्प जमिनीवरच्या ४० वॉटच्या अ‍ॅम्पपेक्षा स्वतःला स्पष्ट ऐकू येतो.

पीए आणि माइक

जिथे पीए (हॉलची ध्वनिव्यवस्था) चांगला आहे तिथे अ‍ॅम्पचं काम फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू येण्याचं, हॉल भरायचं काम पीएचं. शुअर एसएम५७ माइक कापडाच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, कोनच्या मध्यापासून थोडा बाजूला ठेवा. अगदी मध्यावर ठेवला तर आवाज टोचतो, काठाकडे सरकवला तर गडद होतो. मागचा भाग उघडा असलेल्या कॉम्बोमध्ये मागूनही आवाज निघतो. मागे काच किंवा टाइल्सची भिंत असेल तर तिच्यापासून अर्धा मीटर पुढे घ्या आणि मध्ये जाड कापड टांगा.

भारतात ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला मनाई करतात. बंदिस्त सभागृहांना त्यातून सूट आहे, पण गच्चीवरच्या किंवा किनाऱ्यालगतच्या उघड्या जागेला ती लागू पडत नाही. पुणे, मुंबई, गोवा सगळीकडे जागेचे मालक आता आधीच "अ‍ॅम्प किती वॉटचा?" असं विचारतात. वॉटचा आणि आवाजाचा संबंध किती सैल आहे हे त्यांना समजावत बसण्यापेक्षा १५ वॉटचा अ‍ॅम्प नेलेला बरा.

आपली वीज, आपलं अर्थिंग

अ‍ॅम्पच्या मागची पाटी वाचा. अमेरिकेहून कुणी आणून दिलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर लावला की फ्यूज उडतो, आणि फ्यूजच्या जागी कुणी आधी तार लावून ठेवलेली असेल तर ट्रान्सफॉर्मर जातो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर पाटीवर लिहिलेल्या वीजवापराच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्या. वीजवापर आउटपुटपेक्षा कितीतरी जास्त असतो. २० वॉटचा अ‍ॅम्प १०० वॉटहून जास्त वीज सहज खातो. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त स्टेप-डाउनमध्ये अर्थची पिन पुढे जोडलेलीच नसते. मल्टिमीटरने तपासा, नसेल तर तो घेऊ नका.

मांडवात जनरेटरवर वाजवायचं असेल तर अ‍ॅम्प लावण्याआधी सॉकेटचं व्होल्टेज बघा. २१० ते २४५ मध्ये असेल तर ठीक. २५० झालं की ट्यूबच्या फिलामेंटचे ६.३ व्होल्ट जवळपास ६.८५ होतात आणि ट्यूबचं आयुष्य घटतं. उलट २०० वर फिलामेंट नीट तापत नाही आणि आवाज मरगळतो. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ट्यूब अ‍ॅम्प लावू नका, गुरगुर थांबणार नाही. साइन वेव्हचा इन्व्हर्टर चालतो.

आणि शॉक. अ‍ॅम्प एका फेजवर, पीए दुसऱ्या, अर्थिंग कुठेतरी तुटलेलं, अशी स्थिती छोट्या जागांमध्ये नेहमीची. तारांवर हात आणि ओठ माइकला, हा सर्वात वाईट योग. गाण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाजवू नका. अ‍ॅम्प आणि पीए एकाच बोर्डावर घ्या आणि परत मोजा. हम (गुरगुर) जावा म्हणून अर्थची पिन तोडणं हा उपाय नाही, तो जिवाशी खेळ आहे. अ‍ॅम्प उघडण्याचंही तसंच: आत ३०० ते ४५० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतात. फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूब बदलल्यावर बायस (ट्यूबमधल्या करंटची मांडणी) जाणकाराकडून लावून घ्या. कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये जुळवलेली जोडी बसवली की सहसा काम होतं.

सोबत काय न्यायचं

पॉवर ट्यूबची एक जुळवलेली जोडी, एक १२एएक्स७, स्पीकरची एक जास्तीची वायर, आणि पाटीवर लिहिलेल्या अचूक मापाचे चार स्लो-ब्लो फ्यूज. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर बहुधा एखादी पॉवर ट्यूब शॉर्ट झालेली असते. अ‍ॅम्प बंद करून, ट्यूब थंड झाल्यावर दोन्ही बदला आणि मग नवा फ्यूज लावा. तोही लगेच उडाला तर तो अ‍ॅम्प त्या रात्रीपुरता संपला असं समजून पीएतून वाजवा. आवाजात टणटण किंवा शिट्टी येत असेल तर अ‍ॅम्प चालू ठेवून पेन्सिलीच्या लाकडी टोकाने एकेक प्रीअ‍ॅम्प ट्यूब हलकेच ठोका. जी स्पीकरमधून मोठ्याने वाजेल ती खराब.

कार्यक्रम संपल्यावर अ‍ॅम्प बंद करून दहा मिनिटं तसाच ठेवा आणि तोवर केबल गुंडाळा. तापलेल्या ट्यूबला गाडीच्या डिकीतला पहिला खड्डा पुरतो.